काकीची कर्दळ, आईचा सोनटक्का

माझ्या नर्सरीत कर्दळ मिळत नाही.

जास्वंद मिळेल, मोगरा मिळेल, चिकूची कलमं मिळतील. मिरचीची अशी रोपं मिळतील की एक मिरची चावलीत तर डोळ्यांतलं पाणी वाणगावातून निघून तलासरीपर्यंत वाहत जाईल. पण कर्दळ मागाल तर मी तुम्हाला बसासुद्धा म्हणणार नाही. मागे एकदा डहाणूला समुद्राकाठी नवा बंगला बांधलेले एक साहेब आले. म्हणाले, "बाई, मेंटेनन्स कमी लागेल असं काहीतरी फुलणारं द्या. एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहिलं पाहिजे. कर्दळ आहे का?"

"नाही."

"पुढच्या नर्सरीत आहे म्हणे."

"मग पुढे जा. आणि जाताना माझ्या दारातून नका जाऊ, मागच्या कुंपणावरून उडी मारून जा."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहे. मी विनोदी नाही, मी डूख धरून आहे. तरी धंद्यात खोटं बोलू नये म्हणून मी त्यांना खरं ते सांगितलं. कर्दळीला ऊन लागतं, डोक्यावर तळपणारं. माती कसलीही चालते, काळी, तांबडी, बंगला बांधून उरलेली खडीसुद्धा. बाराही महिने फुलते, लाल, पिवळी, ठिपक्यांची. फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापला की शेजारून नवा येतो. पान गुंडाळून आत बसणारी एक अळी येते, तेवढी वेचायची. झालं. आणि सोनटक्का? त्याला अर्धी सावली हवी. पश्चिमेचं ऊन लागलं की पानांची टोकं करपतात. जमीन सतत ओली हवी, पण पाणी साचलेलं नको. गड्ड्यावर माती दोनच बोटं, जास्त पुरलात तर आत कुजतो. नऊ महिने नखरे आणि श्रावण सरता सरता पुढे तीनच महिने फूल. तेही संध्याकाळी उमलतं आणि दुसऱ्या दिवशी मान टाकतं.

"म्हणजे कर्दळच बरी की," साहेब म्हणाले.

"बरीच आहे," मी म्हटलं. "फक्त तिला वास नाही. आणि लाज नाही."

साहेब सोनटक्क्याच्या चार कुंड्या घेऊन गेले. माझ्याकडून रिकाम्या हाताने जायची कोणाची छाती नाही.

तर हा डूख चाळीस वर्षांचा. आंब्याच्या लोणच्यासारखा मी तो मुरवत ठेवला होता. अधूनमधून झाकण उघडून वास घ्यायचा, तेल कमी झालं असेल तर वरून घालायचं, पुन्हा झाकण. माझी आई माझ्याबरोबर वाणगावला असते. तिच्या डोळ्यांना आता माणसं सावल्यांसारखी दिसतात, पण नाक असं शाबूत की गल्लीच्या टोकाला कोणाची डाळ लागली ते ती अंथरुणातून सांगते. दर भादव्यात मी, पूर्वी कुठूनतरी मागून आणि आता नर्सरीतला, सगळ्यात ताजा सोनटक्का तिच्या ओंजळीत ठेवते. ती हुंगते, आणि अगदी मऊ आवाजात म्हणते, "चांगला आहे गं बाय. पण हा आपला नव्हे."

चाळीस भादवे मी हे ऐकते आहे. आमचा सोनटक्का आईने लग्नात झरीहून, माहेराहून आणला होता. तो सायवनला, आमच्या जुन्या घरी गेला तो गेलाच. घालवला माझ्या काकीने. म्हणून मी कर्दळ विकत नाही.

आणि या श्रावणाच्या शेवटी काकीचा फोन आला. काकी फोन कानाला लावत नाही, हातात समोर धरून त्याच्यावर ओरडते. तिला फोन लागतो कशाला हाच मला प्रश्न आहे. ती सायवनला अंगणात उभी राहून नुसती ओरडली असती तरी मला वाणगावला ऐकू आलं असतं.

"बाय! मी बोलतेय, नमूकाकी. जिती हाय अजून. गौरीच्या आधी ये. तुझ्या आयशीचं काम हाय."

फोन बंद.

मी आईला सांगितलं नाही. टेम्पोत कुदळ टाकली, दोन पाट्या टाकल्या, गोणपाट टाकला. मनात एकच. काकीसमोर उभं राहायचं, चाळीस वर्षं पाठ केलेलं भाषण म्हणायचं, आणि तिची एकूण एक कर्दळ तिच्या डोळ्यांदेखत मुळासकट उपटायची. जमलं तर आईच्या सोनटक्क्याचा एखादा चुकार कोंब कुठे उरलाय का तेही बघायचं. पण ते नंतर. आधी सूड.

सायवनचा रस्ता आता गुळगुळीत झालाय. पूर्वी त्या रस्त्याने एसटीतून आलं की पोटातलं जेवण पुन्हा शिजायचं. दोन्हीकडे भात पोटरीवर आलेला, डोंगराच्या अंगाला नाचणीचे हिरवे पट्टे. टेम्पो थांबला आणि मी उतरले, तर पहिल्यांदा भेटला तो न्हाणीचा दगड. घर बदललं होतं, कौलांच्या जागी पत्रा आला होता, पण मागच्या बाजूचा तो काळा, मधोमध खोलगट झालेला दगड तिथेच. त्याच्यावर पाय ठेवला आणि माझी चाळीस वर्षं साबणाच्या पाण्यासारखी सरसर वाहून गेली.

एक घर होतं, दोन भाऊ, दोन चुली. मागे ओढा, घराला तीन बाजूंनी कवेत घेऊन गेलेला. न्हाणीचं पाणी एका चरातून बाहेर पडायचं आणि त्या चराच्या काठी आईचा सोनटक्का. आंघोळ करताना आई आम्हाला सांगायची, "उगाच तांब्या ओतू नकोस. पण ओतलंस तर तिकडे ओत." जांभळाची सावली होती, पालापाचोळा कुजून जमीन शेवयांच्या खिरीसारखी मऊ झालेली. श्रावण संपता संपता हिरव्या कणसांतून पांढऱ्या कळ्या बाहेर यायच्या, गुंडाळलेल्या कागदासारख्या. मग एका संध्याकाळी चुलीचा धूर, ओल्या म्हशीचा वास, उकडत्या भाताचा वास हे सगळे एकदम बाजूला सरून रस्ता द्यायचे आणि त्यांच्या मधून तो यायचा. मी खोटं सांगत नाही, सोनटक्का फुलला की ओढ्यातले खेकडे बिळाबाहेर येऊन ओळीने बसायचे. आमच्या फुलाच्या पोटाशी एक पिवळट झाक होती, हळदीचं बोट पुसल्यासारखी. आई म्हणायची, ती झरीची खूण.

गौरी यायच्या त्या तेरड्याच्या. बायका ओढ्याकाठून तेरडा उपटून आणायच्या, मुळं धुऊन, हळदीकुंकू लावून, उंबऱ्यापासून आतपर्यंत पिठाची पावलं काढत. "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" असं एकीने विचारायचं आणि दुसरीने काहीही भरभराटीचं सांगायचं. माझं उत्तर ठरलेलं असायचं, "सोनटक्क्याच्या!" मग आई त्या तेरड्याला सोनटक्क्याची वेणी घालायची. बाकीच्या घरांतली गौर पाहुणी वाटायची. आमची गौर माहेरी आल्यासारखी दिसायची.

आणि पुढच्या अंगणात नमूकाकीची कर्दळ. रस्त्यावरून येणाऱ्या जाणाऱ्याला दिसावी अशी. लाल. इतकी लाल की एकदा कासा गावाहून येणारी एसटी तिला बघून सिग्नल समजून थांबली होती, असं मी सांगते, आणि पुढेही सांगत राहणार. केळीसारखी रुंद पानं, पावसात त्यांच्यावर ताशा वाजायचा. फूल गळलं की काटेरी बोंडं, आणि बोंडांत काळे, टणक, गोल मणी. आम्ही ते करवंटीत घालून खुळखुळे करायचो. खरं सांगायचं तर ते खुळखुळे मला फार आवडायचे. पण हे काकीला सांगू नका.

काकी आपल्या कर्दळीची निगा राखायची, हे शत्रू असूनही मला मान्य करावं लागतं. दर उन्हाळ्यात ती गड्डे खणायची, माती झटकायची, सावलीत गोठ्याच्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याखाली रचायची आणि मृगाच्या तोंडावर शेणखत घालून पुन्हा लावायची. तेव्हा एक गोष्ट मला माहीत नव्हती, जी आता मी नर्सरीत नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवते. मातीने माखलेला कर्दळीचा गड्डा आणि सोनटक्क्याचा गड्डा, दोन्ही दिसायला सख्ख्या बहिणी. वरचा दांडा कापला की देवालाही ओळखू येणार नाहीत. ओळखायचे ते मोडून, हुंगून. कर्दळ कच्च्या बटाट्यासारखी, सोनटक्का आल्यासारखा.

मी अकरा वर्षांची होते. वैशाखात झरीला मामाचं लग्न निघालं आणि आई मला घेऊन पंधरा दिवस माहेरी गेली. त्या लग्नात बँडवाले गुजरातमधून आले होते, वऱ्हाडातले निम्मे लोक मराठीत जेवण मागायचे आणि गुजरातीत नाही म्हणायचे. तलासरीच्या बाजारात मी बर्फाचे गोळे खाल्ले. किती ते विचारू नका. गोळेवाल्याने त्या वर्षी घरावर माळा चढवला. परत येताना मला असं पडसं झालं की मी शिंकले की गोठ्यातली म्हैस दचकून उठून उभी राहायची. नाक दोन्हीकडून बंद. जगात वास नावाची वस्तू आहे हे मी विसरून गेले होते.

घरी आलो तर न्हाणीमागची जमीन नुकती भुसभुशीत केलेली. काकी म्हणाली, "खुरपून दिलं हो, वहिनी. तण फार माजलं होतं."

आई म्हणाली, "बरं केलंस, नमू."

दहाएक दिवसांनी कोंब आले. सोनटक्क्याचा कोंब भाल्यासारखा टोकदार येतो. हे आले ते मिटलेल्या छत्रीसारखे, तांबूस, गुबगुबीत. आई तांब्या हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. न्हाणीतून पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज.

"कर्दळ आहे," ती म्हणाली. कोणाला नाही, तांब्याला सांगितल्यासारखी. मग वाकली आणि तांब्यातलं पाणी त्याच कोंबांवर ओतलं.

"आई! उपट ना ती!"

"तिला काय माहीत, तिला कोणी लावलं? तहान सगळ्यांना लागते."

माझी आई अशी. पण तिच्या वाटणीचा सगळा राग देवाने माझ्या पोटात भरून पाठवलाय, दुप्पट मापाने.

दुसऱ्या दुपारी सगळे लवंडले असताना मी गोठ्यात शिरले. कोपऱ्यात पेंढ्याखाली मोठा ढीग होता, आणि त्याच्या बाजूला एक वेगळा, लहान ढीग, ओल्या गोणपाटाखाली जपून झाकलेला. मी माझं अकरा वर्षांचं डोकं चालवलं. जे इतकं झाकून ठेवलंय, ते तिचं सगळ्यात लाडकं असणार. मी गोणपाट काढला. गड्डे, मातीने माखलेले, गुबगुबीत. मी एक मोडून बघितला. हुंगलासुद्धा! माझ्या नाकाला त्या क्षणी म्हैस आणि मोगरा यांतला फरक कळला नसता. मी शिंकले. म्हैस उठली. मी परकराच्या ओच्यात गड्डे भरले आणि ओढ्याकडे धावले. तीन खेपा. ओढा आटलेला, जागोजाग डबकी. प्रत्येक गड्डा मी दगडावर आपटून मोडला, चार तुकडे, सहा तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर काकीला एक शिवी देऊन ओढ्यात भिरकावला. घराला वळसा घालून तिन्ही बाजूंना. हातून काही सुटायला नको.

काकीने ब्र काढला नाही. संध्याकाळी गोठ्यात गेली, बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि चुलीवर भात चढवला. मला वाटलं, भ्याली. त्या रात्री मी एवढी सुखात झोपले की उठले तेव्हा पडसं पळालं होतं.

मग पाऊस आला, आणि भादवा. न्हाणीमागे लाल फुलं. आईने गौरीला तीच घातली, हाताने नीट करून, मान वाकडी करून बघत, चांगली दिसतात का. "गौर आली, कशाच्या पावलानं आली?" कोणीतरी विचारलं आणि मी तोंड उघडलंच नाही. त्या संध्याकाळी धूर नुसता धूर होता, भात नुसता भात. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही वाणगावला आलो. का आलो, कोण कोणाला काय म्हणालं, ते जाऊ दे. त्यातलं काही मला नीट आठवत नाही. आठवतं ते एवढंच की टेम्पोत बसताना आईने न्हाणीच्या दिशेने एकदा लांब श्वास घेतला आणि तो रिकामाच सोडला.

"दगडावर काय उभी राहिलीस? आंघोळ करायला आलीस काय?"

काकी मागच्या दारात उभी होती. वाळून काठी झालेली, पण आवाज तोच. डोक्याला करकचून फडकं बांधलेलं, कपाळावर सुंठीचा लेप.

"जाडी झालीस," ती म्हणाली.

"तू बारीक झालीस," मी म्हटलं. अशी आमची चाळीस वर्षांनी ख्यालीखुशाली झाली.

मी भाषणाला हात घातला. पाठ केलेलं, घोटलेलं, वेळोवेळी नव्या शिव्या घालून वाढवलेलं. "काकी, माझ्या आईचा सोनटक्का तू उपटलास."

"उपटला. मग?"

माझं भाषण तिथेच संपलं. ती नाही म्हणेल असं धरूनच मी पुढचं सगळं रचलं होतं.

"कुदळीनं उपटला," काकी म्हणाली. "ही वरची खिडकी माझी. संध्याकाळ झाली की तो वास आत यायचा आणि अर्ध्या कपाळात कोणी पहार ठोकतंय असं व्हायचं. तुम्हाला सुगंध, मला अर्धशिशी. तुझ्या आयशीला सांगितलं असतं तर तिनं स्वतःच्या हातानं काढला असता, हसत हसत. मग गावात मी वाईट. म्हणून ती झरीला गेल्यावर काढला आणि कर्दळ लावून टाकली. म्हटलं, फुलाच्या जागी फूल."

"आणि सोनटक्का जाळलास?"

"जाळू कशाला? गौरीला लागणारं झाड ते. गोठ्यात ओल्या गोणपाटाखाली ठेवला होता. रोज पाणी मारायचे त्याच्यावर. मृगाच्या आधी कोणाबरोबर तरी झरीला पाठवणार होते, तुझ्या मामाकडं. जिथलं तिथं. पण मध्येच एका भवानीनं चोरला."

 चाळीस वर्षांपूर्वीचं पडसं मला उभ्या जागी पुन्हा झालं.

"शिंक ऐकली मी तुझी," काकी म्हणाली. "म्हैस उठली तेव्हाच कळलं."

"मग ओरडली का नाहीस?"

"काय ओरडू? माझ्या चोरीचा माल चोरला म्हणून?"

ओल्या गोणपाटाखाली झाकलेलं, जपलेलं, ते आईचंच होतं. एक एक गड्डा मी दगडावर आपटला होता. चाळीस वर्षं मी ज्या माणसाचा सूड घ्यायला निघाले होते, ते माणूस न्हाणीच्या दगडावर कुदळ घेऊन उभं होतं आणि जाडं झालं होतं.

"आता रडायला लागलीस तर फडक्यानं मारीन," काकी म्हणाली. "चल मागं. काय करून ठेवलंस ते बघ."

तिने मागचं कवाड ढकललं.

ओढा दिसत नव्हता. ओढ्याच्या जागी सोनटक्का होता. या काठाला, त्या काठाला, मधल्या खडकांच्या बेचक्यांत, करंजाच्या सावलीत, वळणाच्या पुढे, वळणाच्या मागे. घराला तीन बाजूंनी वेढा घालून, माणसाच्या उंचीचा, हिरवागार, आणि वर पांढऱ्या फुलांचा थवा. हजारो म्हणणार होते, पण इथे मला फुगवून सांगायला जागाच उरली नाही. ऊन उतरत होतं. कळ्या एकामागून एक सुटत होत्या, आणि खालून पाण्याचा आवाज येत होता, जणू न्हाणीत कोणी अजून तांब्या ओततंय. मी एक फूल तोडलं. पोटाशी पिवळट झाक. हळदीचं बोट.

"भादवा लागला की कार्तिकापर्यंत," काकी मागून म्हणाली. तिने पदर नाकाला दाबला होता. "एक वाफा काढला मी, तू अख्खा ओढा लावलास. गडी लावून खणला, दुप्पट झाला. पेटवला, पुढच्या पावसात पुन्हा हजर. पुढच्या अंगणात शिरून माझी कर्दळसुद्धा खाल्ली त्यानं. उन्हात आहेत तेवढ्या चार काड्या उरल्यात. चाळीस वर्षं, बाय! चाळीस वर्षं माझं कपाळ तुझ्या आयशीच्या वासानं ठणकतंय. आता तू झाडांची डाक्तरीण झालीस म्हणतात. ह्याचा नायनाट कसा करायचा ते सांग. म्हणून बोलावलं."

खरं सांगते, मला तिची दया आली. कपाळावरचा सुंठीचा लेप सुकून भेगाळला होता, आणि तिचा हात माझ्या दंडावर होता, वाळक्या शेंगेसारखा. दया आली आणि डोळ्याची पापणी लवते तेवढा वेळ टिकली. मग माझ्या नाकात तो वास शिरला, आणि मला तो तांब्या आठवला, कर्दळीवर ओतलेला, आणि तो रिकामा श्वास.

"सोपं आहे, काकी," मी म्हटलं. "फूल संपलं की प्रत्येक दांडा जमिनीलगत काप. एक ठेवू नकोस."

काकीने डोळे बारीक केले. "कर्दळ तशी कापली की दुपटीनं फुटते."

"कर्दळीचं वेगळं," मी डॉक्टरीण होऊन म्हटलं. "कर्दळ कापली की फोफावते. सोनटक्का कापला की रुसतो. आणि थंडी सरली की गड्डे वरवर उकर, मोडून बारीक तुकडे कर, आणि पाऊस लागला की ओढ्याच्या पाण्यात सोडून दे. पार सूर्या नदीला मिळतील."

"आणि मुळाशी?"

"पालापाचोळा टाक. गुदमरतो."

"बरं," काकी म्हणाली. मग पदराआडून माझ्याकडे नीट बघितलं. "तुझ्या आयशीला ने थोडा. पाटीभर ने. तेवढंच माझं कमी होईल."

मी दोन पाट्या भरल्या, मुळाशी मातीचा गोळा धरून, ओल्या गोणपाटात गुंडाळून. पुढच्या अंगणातल्या चार कर्दळींजवळून जाताना हातात कुदळ होती. लाल, आडदांड, बिनवासाच्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या एका पानात अळी बसली होती. तेवढी काढून चिरडली आणि टेम्पोत बसले.

वाणगावला पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. मी टेम्पोचं फाळकं उघडलं, तशी ती जपमाळ ओढता ओढता थांबली. तिची मान वर झाली. मी फूल तिच्या ओंजळीत ठेवलं. तिने हुंगलं नाही, नुसतं गालाला लावलं.

"आपला," ती म्हणाली.

मग मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. गोठा, गोणपाट, दगड, तीन खेपा. मी टाकला, काकीने नाही. तुझा सोनटक्का मी घालवला.

"माहीत आहे," आई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"त्या संध्याकाळी जेवायला बसलीस तेव्हा तुझ्या हातांना आल्याचा वास येत होता. तुला येत नव्हता, तुझं नाक बंद होतं. मला येत होता."

"मग चाळीस वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू माझ्यासाठी भांडून आली होतीस." तिने फूल चाचपून केसांत खोचलं. हात तिथेच थोडा वेळ राहिला. मग म्हणाली, "नमू कशी आहे?"

मी सांगितलं. कपाळाचं सांगितलं, सुंठीच्या लेपाचं सांगितलं, तीन बाजूंच्या वेढ्याचं सांगितलं. आणि मग, थोडी घाबरतच, मी काकीला दिलेला सल्लाही सांगितला. दांडे कापायचे, गड्डे मोडायचे, तुकडे पाण्यात सोडायचे, वर पालापाचोळा.

 आईने अंधुक डोळे सायवनच्या दिशेला लावले, हातातली जपमाळ न ओढता. जन्मात जी कोणाला वाकडा शब्द बोलली नाही, जिने कर्दळीलाही तहान लागते म्हणून पाणी घातलं, ती माझी आई. मला वाटलं, आता ही मला उठवून परत सायवनला पाठवणार, खरं ते सांगायला.

"बाय," ती म्हणाली.

"हं?"

"आणि शेणखत? शेणखत घालायला सांगितलंस की नाही?"